रेल्वेची फॅमिली पेन्शन: घरातल्या कोणाला, केव्हापासून आणि किती वाढीव मिळते

रेल्वेच्या पर्सनल ब्रांचमध्ये सेटलमेंटच्या, म्हणजे निवृत्तांचे आणि मृतांचे हिशोब चुकते करण्याच्या, टेबलावर मी बरीच वर्षे काढली. त्या काळात समोरच्या खुर्चीवर बसणारी माणसे दोनच प्रश्न घेऊन येत. पहिला प्रश्न हक्काचा असे: वडिलांच्या मागे आईला, आणि आईच्या मागे आम्हांपैकी कोणाला पेन्शन मिळेल? दुसरा प्रश्न रकमेचा असे: एवढीच का मिळते, वाढ कधी होणार, आणि मध्येच कमी कशी झाली? हे दोन्ही प्रश्न एकाच नियमात गुंतलेले आहेत. तो नियम म्हणजे रेल्वे सेवा (पेन्शन) नियम, 1993 मधील 75 वा नियम. त्याचा पाया असलेली कुटुंब निवृत्तिवेतन योजना 1964 सालची आहे. केंद्राचा निवृत्तिवेतन विभाग वेळोवेळी जे आदेश काढतो, ते रेल्वे बोर्ड आपल्या पत्राने रेल्वेला लागू करते. त्यामुळे मूळ नियमाचे पुस्तक जुने दिसले तरी त्यातील तरतुदी बऱ्याच बदललेल्या आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करतो. फॅमिली पेन्शन ही वारसाहक्काची मिळकत नाही. घर, शेत किंवा बँकेतील ठेव जशी वारसांत वाटली जाते, तशी ती वाटली जात नाही आणि मृत्युपत्रानेही कोणाला देता येत नाही. एका रेल्वे कर्मचाऱ्याने आपले मृत्युपत्र भावाच्या नावे केले होते. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1991 मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, कुटुंब निवृत्तिवेतन हा मृताच्या संपत्तीचा भाग नसून नियमात ज्यांची नावे बसतात त्यांचा तो स्वतंत्र हक्क आहे. म्हणूनच त्यासाठी वारस प्रमाणपत्र काढायला कोर्टात खेटे घालण्याचे कारण नसते. मृत्यूपर्यंतची थकलेली पेन्शन ही मात्र वेगळी बाब आहे आणि तिथे नामनिर्देशन पाहिले जाते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की अर्ज भलत्याच टेबलावर जाऊन पडतो.

हक्काची रांग

एका वेळी साधारणपणे एकालाच पेन्शन मिळते. पहिला हक्क पत्नीचा किंवा पतीचा, आणि तो हयातभर किंवा पुनर्विवाह होईपर्यंत असतो. पत्नी स्वतः नोकरी करते, तिला पगार आहे किंवा तिला अनुकंपा तत्त्वावर रेल्वेतच घेतले आहे, एवढ्याने तिचा हा हक्क जात नाही. पुनर्विवाहाच्या बाबतीतही एक सवलत आहे. विधवेला मूलबाळ नसेल आणि तिचे स्वतःचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर दुसरे लग्न केल्यानंतरही तिची पेन्शन चालू राहते. ही तरतूद सहाव्या वेतन आयोगानंतर आली. पण जुन्या समजुतीमुळे काही स्त्रिया पुनर्विवाहानंतर आपण होऊन पेन्शन बंद करून घेतात. निवृत्तीनंतर केलेल्या लग्नातील पत्नीलाही हक्क आहे, कारण 1989 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीपूर्वीचे आणि निवृत्तीनंतरचे लग्न असा भेद रद्द ठरवला. अट एवढीच की लग्न कायदेशीर असावे. पहिली पत्नी हयात असताना तिच्याशी घटस्फोट न घेता केलेल्या दुसऱ्या लग्नातील स्त्रीला पेन्शन मिळत नाही, मात्र त्या संबंधातून झालेल्या मुलांचा हक्क कायदा मानतो.

पतीपत्नींपैकी कोणी उरले नाही, की हक्क मुलांकडे येतो. पंचवीस वर्षांखालील मुलगे आणि अविवाहित मुली यांना जन्माच्या क्रमाने, म्हणजे थोरल्याचा हक्क संपला की धाकट्याला, अशी पेन्शन मिळते. पंचवीस वर्षे पूर्ण होणे, लग्न होणे किंवा स्वतःची कमाई सुरू होणे यांपैकी जे आधी घडेल तिथे हक्क संपतो. जुळी मुले असतील तर रक्कम दोघांत सारखी विभागली जाते. पंचवीस वर्षांखालील सगळ्यांचे हक्क संपले की अपंगत्व असलेल्या मुलाचा किंवा मुलीचा नंबर लागतो. त्याला वयाची मर्यादा नाही आणि लग्नानेही तो हक्क जात नाही. असे अपत्य नसेल किंवा त्याचा हक्क संपला असेल, तर पंचवीस वर्षांवरील विधवा, घटस्फोटित किंवा अविवाहित मुलगी पात्र ठरते. विधवा आणि घटस्फोटित मुलींना ही वाट 2004 मध्ये आणि अविवाहित मुलींना 2007 मध्ये खुली झाली. पती, पत्नी किंवा अपत्य कोणीच मागे नसेल तर कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्या आईला आणि तिच्या मागे वडिलांना, आणि त्यानंतर अवलंबून असलेल्या अपंग भावंडाला पेन्शन मिळू शकते.

सून, नातवंडे आणि धडधाकट भाऊबहीण या यादीत कुठेच नाहीत. सासूसासऱ्यांची वर्षानुवर्षे सेवा केलेल्या सुनेला हे सांगताना मला नेहमीच अवघड वाटले आहे, पण खोट्या आशेवर तिने कागद गोळा करत बसावे हे त्याहून वाईट. दत्तकाच्या बाबतीतही सावध राहावे. कर्मचाऱ्याने स्वतः दत्तक घेतलेले मूल पात्र आहे. पण पतीच्या मृत्यूनंतर विधवेने घेतलेले दत्तक मूल पात्र नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये दिला. ते प्रकरण नागपुरातील एका केंद्रीय कर्मचाऱ्याच्या कुटुंबाचे होते. तेथे पतीच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी दत्तकविधान झाले होते.

मुलीचा हक्क तारखेवर ठरतो

सगळ्यांत जास्त अर्ज नाकारले जातात ते मुलींचे, आणि बहुतेक वेळा कारण एकच असते. मुलगी आज विधवा किंवा घटस्फोटित आहे एवढे पुरत नाही. आईवडिलांपैकी निदान एक जण हयात असताना ती तशी झालेली असावी लागते. त्यामागचा विचार असा की पेन्शन ही कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेल्यांसाठी आहे, आणि आईवडील गेले तेव्हा जी मुलगी सासरी नांदत होती ती त्यांच्यावर अवलंबून नव्हती. हा विचार कठोर आहे आणि मला तो पूर्णपणे पटलेला नाही, पण नियम तसा आहे.

घटस्फोटाच्या बाबतीत 2017 मध्ये एक मोठी सवलत मिळाली, आणि अनेक घरांना ती आजही माहीत नाही. कोर्टाचा निकाल आईवडिलांच्या मागे लागला तरी चालतो, मात्र दावा त्यांच्यापैकी एकाच्या हयातीत दाखल झालेला असावा. समजा वडील 2012 मध्ये वारले, मुलीने 2015 मध्ये कौटुंबिक न्यायालयात दावा दाखल केला, आई 2018 मध्ये गेली आणि निकाल 2020 मध्ये लागला. ही मुलगी इतर अटी पूर्ण करत असेल तर घटस्फोटाच्या तारखेपासून पात्र आहे. हाच दावा तिने 2019 मध्ये दाखल केला असता तर ती पात्र ठरली नसती. म्हणून अर्जाला केवळ हुकूमनामा जोडू नये, तर दावा दाखल झाल्याची तारीख दिसेल अशी प्रमाणित नक्कलही जोडावी. हुकूमनाम्यात दावा क्रमांकासोबत वर्ष असते, पण नेमक्या तारखेचा कागद नसेल तर फाइल परत येते.

उत्पन्नाची अट पंचवीस वर्षांखालील मुलांना, मुलींना आणि आईवडिलांना आहे. किमान फॅमिली पेन्शन 9,000 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता एवढी ही मर्यादा आहे. 1 जुलै 2025 पासूनच्या 58 टक्के दराने ती महिना 14,220 रुपये होते, आणि महागाई भत्ता वाढला की मर्यादाही वाढते. पगार, धंदा, घरभाडे, ठेवीवरचे व्याज असे सगळे उत्पन्न त्यात धरले जाते. अपंग अपत्यासाठी 2021 पासून वेगळी आणि अधिक उदार मर्यादा आहे. त्याचे इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या साध्या दराच्या फॅमिली पेन्शनपेक्षा आणि तिच्यावरील महागाई भत्त्यापेक्षा कमी असले की पुरते. वरच्या पदावरून निवृत्त झालेल्याच्या अपंग मुलाला यामुळे छोटी नोकरी किंवा भाड्याचे उत्पन्न असूनही हक्क राहतो. उत्पन्नाचा दाखला महाराष्ट्रात तहसीलदार कार्यालयातून मिळतो आणि सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून त्यासाठी अर्ज करता येतो. दाखल्यावर वार्षिक रक्कम येते. तिला बाराने भागून ती मर्यादेत बसते की नाही हे आधी घरीच पाहावे.

वाढीव दर आणि त्याची शेवटची तारीख

आता रकमेकडे वळू. फॅमिली पेन्शनचा साधा दर शेवटच्या मूळ वेतनाच्या 30 टक्के असतो आणि वाढीव दर 50 टक्के असतो. कर्मचारी सेवेत असताना वारला तर मृत्यूनंतर दहा वर्षे वाढीव दर मिळतो, आणि त्यासाठी पूर्वी असलेली सात वर्षांच्या सलग सेवेची अट 1 ऑक्टोबर 2019 पासून उठली आहे. निवृत्तीनंतर मृत्यू झाला, तर मृत्यूनंतर सात वर्षे किंवा तो हयात असता तर 67 वर्षांचा झाला असता ती तारीख, यांपैकी आधी येणाऱ्या तारखेपर्यंत वाढीव दर मिळतो. वाढीव दराची रक्कम निवृत्तीच्या वेळी मंजूर झालेल्या पेन्शनपेक्षा जास्त असत नाही.

उदाहरण घेऊन पाहू. समजा एका कर्मचाऱ्याचा जन्म 15 जून 1961 चा आहे, तो 30 जून 2021 रोजी 62,200 रुपये मूळ वेतनावर निवृत्त झाला आणि 10 मार्च 2024 रोजी वारला. त्याची पेन्शन 31,100 रुपये होती. त्यातील 40 टक्के त्याने विकली होती. रेल्वेच्या भाषेत याला कम्युटेशन म्हणतात. त्यामुळे त्याला मूळ रक्कम 18,660 रुपये मिळत असे, महागाई भत्ता मात्र पूर्ण 31,100 वर मिळत असे. वर सांगितलेल्या 58 टक्के दराने मांडले तर त्याच्या हाती 36,698 रुपये आले असते. त्याच्या पत्नीला वाढीव दराने मूळ 31,100 आणि त्यावर 18,038 रुपये भत्ता असे 49,138 रुपये मिळतील, कारण विकलेला भाग फॅमिली पेन्शनमधून वजा होत नाही. नवऱ्याला मिळत होते त्यापेक्षा बायकोला जास्त मिळते, हे पाहून घरचे घाबरतात. एक बाई बँकेची चूक असावी असे धरून तीन वर्षे वरचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवत होत्या आणि परत मागतील तेव्हा देऊ म्हणत होत्या. त्यांच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, वाढीव दराची रक्कम स्वच्छ छापलेली होती, ती कोणी त्यांना वाचून दाखवली नव्हती.

याच उदाहरणात मृत्यूपासूनची सात वर्षे 10 मार्च 2031 ला पूर्ण होतात, पण वयाची 67 वर्षे 15 जून 2028 ला पूर्ण होतात. म्हणजे वाढीव दर जून 2028 मध्ये संपतो आणि त्यानंतर मूळ पेन्शन 18,660 होते. त्याच 58 टक्के भत्त्याने हिशोब केला तर हाती 29,483 रुपये येतात, म्हणजे महिन्याला साडेएकोणीस हजारांहून जास्त घट होते. विकलेल्या पेन्शननंतर उरलेली रक्कमही 18,660 आणि साध्या दराची फॅमिली पेन्शनही 18,660, त्यामुळे "विकलेली पेन्शन आईच्याही पैशांतून कापली" असा ग्रह हमखास होतो. ही केवळ गणिताची गंमत आहे: निम्म्याचे साठ टक्के म्हणजे पूर्णाचे तीस टक्के.

या तारखेवर लक्ष ठेवणे हे कुटुंबाचेच काम समजावे. पीपीओवर वाढीव दर कोणत्या तारखेपर्यंत आणि त्यानंतर साधा दर किती, हे दोन्ही लिहिलेले असते. बँकेच्या पेन्शन केंद्राने, ज्याला सीपीपीसी म्हणतात, ती तारीख नोंदवली नसेल तर जास्तीची रक्कम खात्यात येत राहते आणि चार-पाच वर्षांनी एकदम वसुली निघते. माझ्या माहितीतल्या एका घरी ती वसुली निघाली तेव्हा त्या पैशांतून नातीच्या शिक्षणाची फी भरून झालेली होती. तारीख जवळ आली की आपण होऊन शाखेला लेखी कळवावे आणि त्या पत्राची पोच घ्यावी.

कर्मचारी 67 वर्षांनंतर वारला असेल तर वाढीव दराचा प्रश्नच उद्भवत नाही, पहिल्या दिवसापासून साधा दर लागतो. पत्नी वाढीव दराच्या मुदतीत वारली आणि हक्क मुलाकडे आला, तर उरलेल्या मुदतीपुरता वाढीव दर त्याला मिळतो, मुदत नव्याने सुरू होत नाही.

वयाची वाढ

दुसरी मोठी वाढ वयाची. वयाची 80 वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर 20 टक्के, 85 ला 30 टक्के, 90 ला 40 टक्के, 95 ला 50 टक्के आणि 100 ला 100 टक्के जादा पेन्शन मिळते. इथे वय पाहिले जाते ते सध्या पेन्शन घेणाऱ्या व्यक्तीचे. गेलेल्या कर्मचाऱ्याचे वय इथे लागू होत नाही. वडील हयात असते तर आज 85 वर्षांचे असते म्हणून आईला 30 टक्के मागता येत नाहीत. त्याचप्रमाणे वडिलांना 80 ची वाढ मिळत होती म्हणून 74 वर्षांच्या आईला ती चालू राहत नाही. ज्या महिन्यात वय पूर्ण होते त्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून वाढ लागते. जन्म 20 ऑगस्ट 1945 चा असेल तर 1 ऑगस्ट 2025 पासून. वरच्या उदाहरणातील 18,660 रुपये घेणारी स्त्री 80 वर्षांची झाली तर 3,732 रुपये वाढून मूळ पेन्शन 22,392 होते, आणि महागाई भत्ता या पूर्ण रकमेवर मिळत असल्याने 58 टक्के दराने सुमारे 35,380 रुपये हाती येतात.

ही वाढ आपोआप मिळायला हवी, पण ती अडते जन्मतारखेवर. जुन्या पीपीओंवर पत्नीचे नाव आहे, फोटो आहे, पण जन्मतारीख नाही. शाळेत न गेलेल्या आजींच्या बाबतीत तर ती कोणत्याच जुन्या कागदावर नसते. अशा वेळी पॅन कार्ड, पासपोर्ट, शाळेचा दाखला, मतदार ओळखपत्र किंवा आधार यांपैकी जे असेल त्यावरून जन्मतारीख नोंदवून घेण्यासाठी ज्या ऑफिसने पीपीओ काढला तिथे अर्ज करावा. वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळ्या तारखा असतील तर आधी त्या एकसारख्या करून घ्याव्यात, नाहीतर प्रत्येक वेळी नवीन शंका निघते. 80 व्या वाढदिवसाची वाट न पाहता हे काम 75 च्या सुमारास उरकून टाकावे, असे मी प्रत्येकाला सांगत आलो आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण घरोघरी आहे. लग्नात माहेरचे नाव बदलले जाते. माहेरची सुमन सासरी संगीता होते, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नवऱ्याने सासरचे नाव लिहिलेले असते, आणि आधार कार्ड मात्र माहेरच्या शाळेच्या दाखल्यावरून निघालेले असते. बँकेच्या लेखी या दोन वेगळ्या बायका असतात. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, लग्नाचे प्रमाणपत्र आणि शक्य असेल तर राजपत्रातील नावबदल, एवढे कागद पतीच्या हयातीतच तयार ठेवावेत. पती स्वतः ऑफिसात जाऊन "ही माझी पत्नी, दोन्ही नावे तिचीच" असे लिहून देतो तेव्हा दहा मिनिटांत होणारे काम, तो गेल्यावर सहा-सहा महिने चालते.

महागाई भत्ता आणि वेतन आयोग

महागाई भत्ता जानेवारी आणि जुलैपासून वाढतो आणि थकबाकीसह जमा होतो. त्यासाठी अर्ज लागत नाही. वेतन आयोगाच्या वेळी मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. सातव्या आयोगाने 1 जानेवारी 2016 पासून जुनी मूळ पेन्शन 2.57 ने गुणली, आणि पुढे 2017 मध्ये निवृत्तीच्या वेळच्या वेतनावरून काल्पनिक वेतननिश्चिती करून, या दोन पद्धतींपैकी जी रक्कम जास्त ती देण्याचा निर्णय झाला. ज्यांची दुसरी पद्धत फायद्याची ठरते, त्यांच्यासाठी सुधारित पीपीओ काढावा लागतो. नव्वदच्या दशकात किंवा त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या विधवांपैकी काहींचा सुधारित पीपीओ निघालेला असूनही बँकेपर्यंत पोहोचलेला नसतो, किंवा बँकेने जुन्याच आकड्यावर काम चालू ठेवलेले असते.

पडताळणीची एक सोपी खूण सांगतो. खात्यात जमा होणाऱ्या एकूण रकमेवरून काही कळत नाही, म्हणून बँकेकडून पेन्शन स्लिप मागून मूळ पेन्शनचा रकाना पाहावा. एकट्या व्यक्तीला मिळणारी मूळ फॅमिली पेन्शन 9,000 रुपयांपेक्षा कमी दिसली तर 2016 ची सुधारणा लागलेलीच नाही असे समजावे. 9,000 पेक्षा जास्त असेल तर सुधारित पीपीओवरील आकडा आणि स्लिपवरील आकडा शेजारी ठेवून जुळवावा. आठव्या वेतन आयोगाची स्थापना नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि अहवालासाठी 18 महिन्यांची मुदत देण्यात आली. तेव्हा पुढची फेरआखणी येण्याआधी आजचा पाया बरोबर आहे की नाही हे पाहून घेतलेले बरे, कारण चुकीच्या मूळ रकमेला कोणत्याही गुणकाने गुणले तरी उत्तर चुकीचेच येते.

रेल्वे रुग्णालयापासून किंवा आरोग्य केंद्रापासून अडीच किलोमीटरपेक्षा दूर राहणाऱ्या आणि बाह्यरुग्ण सेवा न घेणाऱ्या पेन्शनरांना महिना 1,000 रुपये निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो, तो फॅमिली पेन्शनरांनाही मिळू शकतो. त्याच्यावर महागाई भत्ता नाही, पण खेड्यात राहणाऱ्या विधवेला तेवढ्याचाही आधार असतो.

नव्या योजनेतील कर्मचारी

1 जानेवारी 2004 पासून लागलेल्या कर्मचाऱ्यांना वरील सगळे जसेच्या तसे लागू नाही. एनपीएसमधील, म्हणजे त्यांना लागू असलेल्या राष्ट्रीय पेन्शन योजनेतील, कर्मचारी सेवेत असताना वारला तर कुटुंबाला जुन्या नियमांप्रमाणे फॅमिली पेन्शनचा मार्ग आहे, आणि सेवेत असतानाच त्याने कोणता पर्याय लिहून दिला आहे हे घरच्यांना ठाऊक असले पाहिजे. 1 एप्रिल 2025 पासून आलेल्या यूपीएसमध्ये, म्हणजे एकीकृत पेन्शन योजनेत, निवृत्तीनंतर मृत्यू झाल्यास मिळत असलेल्या रकमेच्या 60 टक्के रक्कम जोडीदाराला मिळते, आणि तोही निवृत्तीच्या दिवशी कायदेशीर जोडीदार असायला हवा. अपंग मूल किंवा परतून आलेली मुलगी घरात असेल, तर पर्याय निवडताना हा फरक आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो.

अर्ज कसा करावा

पत्नीचे नाव पीपीओवर असेल आणि खाते संयुक्त असेल, तर काम बँकेतच होते. मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, स्वतःच्या वयाचा पुरावा आणि जास्त रक्कम आल्यास परत करण्याचे हमीपत्र देऊन साध्या अर्जावर पेन्शन सुरू होते. मृत्यूची खबर देण्यात उशीर करू नये. वडिलांच्या नावाने पुढचे दोन-तीन महिने पेन्शन जमा होऊ दिली की ती परत जाते आणि आईची सुरू होण्यास तेवढाच विलंब लागतो.

मुले, मुली, आईवडील किंवा भावंडे यांच्या बाबतीत बँक स्वतःहून काही करू शकत नाही. कर्मचारी ज्या विभागातून निवृत्त झाला, मग तो भुसावळ असो, सोलापूर असो की नांदेड, तेथील डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसच्या पर्सनल ब्रांचकडे अर्ज करावा लागतो आणि तेथून नवा अधिकारपत्राचा कागद निघतो. कारखान्यातून निवृत्त झालेल्यांनी कारखान्याच्या पर्सनल ऑफिसकडे जावे. आईवडील दोघांचेही मृत्यूचे दाखले, मूळ पीपीओ, अर्जदाराच्या जन्माचा, नात्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, आणि आपल्या आधीच्या क्रमातील प्रत्येकाचा हक्क कसा संपला याचे कागद जोडावेत. यातील शेवटची बाब लोक विसरतात. धाकट्या मुलीने अर्ज केला तर थोरला भाऊ पंचवीसच्या वर आहे, मधली बहीण सासरी आहे आणि कोणी अपंग भावंड नाही, हे फाइलवर दिसले पाहिजे. त्यासाठी सर्व भावंडांची नावे, जन्मतारखा आणि वैवाहिक स्थिती लिहिलेला एक साधा तक्ता वरच लावावा. वेल्फेअर इन्स्पेक्टर चौकशीला घरी येतो तेव्हा तोच तक्ता त्याच्या अहवालाचा पाया होतो.

अपंग अपत्याचे नाव मात्र आईवडिलांच्या हयातीतच पीपीओवर चढवून घेता येते, आणि घ्यावेच. कायमच्या अपंगत्वाचे वैद्यकीय प्रमाणपत्र एकदाच लागते. तात्पुरते असेल तर दर पाच वर्षांनी नवे द्यावे लागते. मतिमंद मुलासाठी पेन्शन कोणाच्या हाती द्यायची हेही आईवडिलांनी लिहून ठेवावे. मुलींच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवावी: लग्न झाले म्हणून कुटुंबाच्या यादीतून मुलीचे नाव काढायचे नसते, आणि ते काढू नये असे निवृत्तिवेतन विभागाने 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. कित्येक वडिलांनी "आता ती त्या घरची" म्हणून स्वतःच्या हाताने ते नाव खोडून दिलेले मी पाहिले आहे. नाव नाही म्हणून पुढे हक्क बुडतो असे नाही, पण नाते सिद्ध करण्याचे ओझे तिच्यावर येते.

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि 80 वर्षांवरील व्यक्तींना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो. मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढण्याची सोय झाल्यापासून बोटांचे ठसे पुसट झालेल्या म्हाताऱ्या माणसांचा मोठा ताण गेला आहे. मुली आणि मुले पेन्शन घेत असतील तर लग्न न झाल्याचे आणि उत्पन्न मर्यादेत असल्याचेही लिहून द्यावे लागते.

अर्ज पडून राहिला तर केंद्राच्या सीपेनग्राम्स या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, आणि रेल्वेच्या पेन्शन अदालतीसाठी आगाऊ अर्ज देता येतो. अदालतीत कायद्याचा कीस पाडला जात नाही, कागद पूर्ण असलेली अडकलेली प्रकरणे तिथे सुटतात. म्हणून तक्रारीत नियमांची पाने उतरवण्यापेक्षा पीपीओ क्रमांक, मृत्यूची तारीख, कोणती रक्कम कोणत्या तारखेपासून हवी आणि पहिला अर्ज कधी दिला, एवढेच चार ओळींत लिहावे. आणि तो पहिला अर्ज देताना त्याच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठू नये.